डब्यातली पुडी

जयवंतने झाकण उघडलं आणि बोटावर मुंगी चढली. मग दुसरी. त्याने डबा गवतावर ठेवला, हात पँटला पुसला आणि गुडघ्यांवर बसूनच आत डोकावलं. वहीच्या कडा कुरतडलेल्या होत्या. खेळण्यातल्या दोन गाड्या, एक की-चेन, एक विटकी शिट्टी, आणि या सगळ्यांवर आरामात बसलेली कागदाची पुडी.

त्याने पुडी उघडली नाही. चिमटीत धरून नुसती हलवली. आतून बारीक खसखस ऐकू आली. साखरच. तीन आठवड्यांतली ही चौथी.

डबा त्याचाच होता. ऑकलंडच्या पापाटोएटो उपनगराच्या मागच्या अंगाला एक ओढा वाहतो, त्याच्या काठच्या मोकळ्या जागेत, फ्लॅक्स नावाच्या झुडपाच्या उंच पात्यांच्या मुळाशी त्याने तो दोन वर्षांपूर्वी लपवला होता. खेळ तसा साधा. एकाने डबा लपवायचा आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश वेबसाइटवर टाकायचे. बाकीच्यांनी हातातल्या जीपीएसवर आकडे बघत यायचं, डबा हुडकायचा, आतल्या वहीत नाव लिहायचं, वाटलं तर एखादी वस्तू घ्यायची आणि बदल्यात एखादी ठेवायची. खाण्याचं मात्र काही ठेवायचं नाही. वास लागला की उंदीर येतात, मांजराएवढे पॉसम येतात, आणि डब्याचं वाटोळं होतं.

या वहीत एकशे बेचाळीस नावं होती. ऑकलंडला आल्यावर पहिली दोन वर्षं जयवंतच्या नावाचा कुणी धड उच्चार केला नव्हता. ईस्ट टामाकीच्या कारखान्यात तो मशिनींची देखभाल करायचा, तिथे तो नुसता 'जे' होता. इथे मात्र अनोळखी माणसं चिखल तुडवत येत आणि 'थँक्स जे, छान जागा' असं लिहून जात. आता वेबसाइटची देखरेख करणाऱ्याने कळवलं होतं: डब्यात मुंग्या आणि उंदराच्या लेंड्या असल्याच्या तीन तक्रारी आल्यात. महिन्याभरात सुधारणा झाली नाही तर डबा यादीतून काढून टाकू.

जयवंतने पुडी उलटीसुलटी करून पाहिली. चौकोनी कागद, तिरकी घडी, शेवटचा कोपरा आत खोचलेला. ना चिकटपट्टी, ना दोरा. अशी पुडी गोरा माणूस सात जन्मांत बांधणार नाही. आणि हा खेळ खेळणारे मराठी लोक सबंध ऑकलंडात दोनच होते. एक तो स्वतः. दुसरा विवेक.

विवेक फार्मासिस्ट होता. त्याच्या वडिलांचं लोणंदला किराणा दुकान. 'चौथीत होतो तेव्हा मिनिटाला सहा पुड्या बांधायचो,' हे त्याने चारचौघांत कितीदा तरी सांगितलेलं. जयवंतला भाड्याचं घर त्यानेच बघून दिलं. या खेळाचा नाद त्यानेच लावला, आपलं जुनं पिवळं जीपीएस वापरायला दिलं. पण जानेवारीपासून दोघांचं बिनसलं होतं.

जयवंतचं डोकं मेकॅनिकचं. बिघाड दिसला की हात शिवशिवायचे. त्याने खेळातल्या सगळ्या कटकटींचं एक लांबलचक पत्र लिहून ऑकलंडात हा खेळ खेळणाऱ्यांच्या गटातल्या सर्वांना पाठवलं. लोक डबा लपवतात आणि पुन्हा फिरकत नाहीत. वह्या भिजून लगदा होतो. काही जण जागेवर न जाताच वेबसाइटवर 'सापडला' म्हणून ठोकून देतात. करंगळीएवढ्या डब्या बाकाखाली लोहचुंबकाने चिकटवतात आणि म्हातारीकोतारी माणसं तासभर वाकून बसतात. यावर उपायही त्याने दिले होते. मालकाने दर तीन महिन्यांनी डबा तपासलाच पाहिजे, वही झिपच्या पिशवीत हवी, पेनऐवजी पेन्सिल हवी, असे एकूण बारा. आणि भिजलेल्या वहीचं उदाहरण म्हणून त्याने मांगेरेच्या डोंगराजवळचा एक डबा दाखवला होता. तो विवेकचा. आठवड्याभरात तो यादीतून गेला.

विवेकचा फोन आला होता.

"काय साहेब, माझ्यापासूनच सुरुवात?"

"तुझं नाव नाही लिहिलं मी."

"नाव नाही लिहिलंस, पत्ता लिहिलास. अक्षांश-रेखांशासकट!"

"वही ओली होती, विवेक. तीन महिने ओली होती."

"मग फोन करायचा होतास. 'विवेक, वही ओली आहे.' चार शब्द. त्यासाठी दोनशे लोकांना पत्र कशाला?"

त्यानंतर त्याचं येणं बंद झालं. आणि मार्चपासून साखर सुरू झाली.

जयवंतने पुडी खिशात घातली, मुंग्या झटकल्या, डबा पुसून परत ठेवला. उठताना त्याने चारी बाजूंना पाहिलं. पलीकडच्या वाटेने एक बाई धावत गेली. बदकं सोडली तर कुणी नव्हतं. तरी कुणीतरी मजेत बघतंय असं त्याला उगाच वाटत राहिलं.

घरी शकु, त्याची बायको, हॉस्पिटलच्या ड्यूटीवरून नुकतीच आली होती. त्याची आई, द्रौपदीबाई, टेबलाशी लसूण सोलत होती. ती फेब्रुवारीत फलटणहून सहा महिन्यांसाठी आली होती. पहिल्याच रविवारी त्याने तिला हौसेने ओढ्यावर नेऊन डबा दाखवला होता. एरवी ती कोपऱ्यावरच्या डेअरीच्या, म्हणजे किराणा दुकानाच्या, पलीकडे जात नसे. कुत्र्यांची भीती वाटते म्हणायची, आणि त्यानेही एकटीने लांब जाऊ नको म्हणून बजावलं होतं.

"पुन्हा?" शकुने त्याच्या तोंडाकडे बघूनच विचारलं.

त्याने पुडी तिच्यासमोर टाकली नाही, आई बसली होती. नुसती मान हलवली.

"काय झालं त्या डब्याला?" आईने विचारलं.

"कुणीतरी मुद्दाम घाण टाकतंय."

"कोण मेलं?"

"आहे एक. माझं चांगलं बघवत नाही त्याला."

आईने एक पाकळी सोलून वाटीत टाकली. "असत्यात अशी माणसं," ती म्हणाली आणि दुसरी पाकळी उचलली.

दुसऱ्या दिवशी त्याने कारखान्यातला एक जाड पांढरा कागद घेतला आणि ठळक अक्षरांत, मुद्दाम मराठीत, लिहिलं: 'साखर ठेवणाऱ्या सद्गृहस्था, तू कोण हे मला ठाऊक आहे. हिंमत असेल तर वहीत नाव लिही आणि समोर ये. जयवंत.' कामावरून येताना ती चिठ्ठी त्याने डब्यात सगळ्यात वर ठेवली. आता कळेल, असं मनाशी म्हणाला आणि बऱ्याच दिवसांनी शिट्टी वाजवत घरी गेला.

शनिवारी सकाळी तो पुन्हा गेला. झाकण उघडलं. वहीत नवं नाव नव्हतं. पुडी होती. जाड पांढऱ्या कागदाची. त्याने ती उलटवली. बाहेरच्या अंगाला त्याचंच अक्षर होतं. 'हिंमत असेल तर' एका घडीवर, 'समोर ये' दुसऱ्या घडीवर. आत साखर. कोपरा नीट आत खोचलेला.

ही मस्करी नव्हती. हे तोंडावर थुंकणं होतं.

"पाहिलंत का तुम्ही त्याला ठेवताना?" शकुने विचारलं. तो कॉम्प्युटरसमोर बसून भराभर टाइप करत होता.

"पुडी पाहिली ना."

"पुडीवर काय नाव असतं?"

"आता आहे. माझंच आहे."

"अहो, त्याने आपल्याला घर बघून दिलंय. एक फोन करा आधी."

"फोन करून काय? नाहीच म्हणणार."

त्याने सगळ्या गटाला लिहिलं. आढेवेढे न घेता. साखर कशी येते, केव्हापासून येते, 'हिंमत असेल तर समोर ये' या आपल्या चिठ्ठीचीच पुडी कशी झाली, आणि अशी पुडी बांधता येणारा गटात एकच माणूस आहे. खाली विवेकचं नाव घातलं. या वेळी पत्ता नाही, नावच. आणि बटण दाबलं.

विवेकचं उत्तर रविवारी दुपारी आलं, तेही सगळ्यांना. दोनच ओळी. 'साखर मी ठेवलेली नाही. जयवंतला मला विचारावंसंही वाटलं नाही, एवढं कळलं.' देखरेख करणाऱ्याने लिहिलं, पुराव्याशिवाय आरोप नकोत. कुणी एकाने लिहिलं, माझ्या मते दोघांनीही एकेक बिअर घ्यावी. जयवंतला तो विनोद अजिबात आवडला नाही. पुरावा पाहिजे ना? देतो पुरावा.

बुधवारी त्याने अर्धी रजा टाकली. घरी सांगितलं नाही. जेवणाचा डबा भरून नेहमीच्या वेळी निघाला आणि गाडी ओढ्यापाशी, सार्वजनिक संडासाच्या भिंतीआड लावली. तिथून फ्लॅक्सची झुडपं समोर दिसत. मांडीवर कॅमेरा ठेवला. आठ वाजले, नऊ वाजले. काचेवर वाफ धरली की तो बाहीने पुसायचा. विवेकचं दुकान साडेनऊला उघडतं, म्हणजे त्याआधी यायला हवा. नाही आला. म्हणजे दुपारच्या सुट्टीत येत असेल. जयवंतने खुर्चीची पाठ जरा मागे केली.

दहाच्या सुमारास वाटेच्या वळणावर एक म्हातारी बाई दिसली. फिकी हिरवी साडी, वरून शकुचं राखाडी स्वेटर, पायांत जयवंतचे जुने पांढरे बूट. समोरून एक गोरा म्हातारा तपकिरी कुत्रं घेऊन येत होता. बाई कडेला झाली नाही. थांबली, कुत्र्याकडे बघून हसली.

"किया ओरा," म्हाताऱ्याने माओरीत नमस्कार केला.

"कियोरा, कियोरा," द्रौपदीबाई म्हणाली आणि पुढे निघाली.

ती फ्लॅक्सपाशी आली. एक हात गुडघ्यावर ठेवून सावकाश खाली बसली, पाती बाजूला केली, डबा ओढला. आत बघितलं. मग कमरेला खोचलेली पुडी काढून अलगद आत ठेवली, जशी एखाद्याच्या ताटात वाढतात तशी, आणि झाकण दाबलं.

जयवंत गाडीतून कधी उतरला ते त्याचं त्यालाही कळलं नाही. कॅमेरा सीटवरच राहिला.

"आई."

ती दचकली. मग ओळखून हसली, पण चोरी पकडल्यासारखी. "तू रं? कामाला न्हाई गेलास?"

"बरं नव्हतं जरा. तू इथे काय करतेस?"

"येते रोज. तू वरडशील म्हणून सांगितलं न्हाई. तुम्ही दोघं गेलात की घर खायला उठतंय." तिने डब्याकडे हात केला. "तूच म्हणालास न्हवं, एक घ्यायचं, एक ठेवायचं. एकटी आले त्या पहिल्या दिशी मी यातलं निळं बटण घेतलं. लई आवडलं. मग बदल्यात काय ठेवू? कुणाचं भांडं रिकामं परत दिलं न्हाई मी आजवर. घरी गेले, चिमूटभर साखर बांधली, आणून ठेवली."

"बरं."

"दुसऱ्या दिशी बगते तर साखर गेली!" तिचे डोळे चमकले. "कुणीतरी नेली. मग म्हणलं, उद्या पुन्यांदा ठेवावी. ती बी गेली. मग रोजच. कधी कधी कागद फाडून हितंच टाकत्यात, तेवढं मातर वाईट."

जयवंत तिच्याशेजारी गवतावर बसला. त्याने डबा उचलून मांडीवर घेतला.

"परवा यात एक लिहिलेला कागद होता," तो म्हणाला.

"व्हय की. चांगला जाड होता. त्यातच बांधली एक दिवस." मग तिला शंका आली. "कामाचा होता का? मला कुठं वाचता येतंय."

"नाही. काही कामाचा नव्हता."

ओढ्यात बदकं भांडत होती.

"गावाला वाण्याच्या दुकानात आमी पायरीखाली उभं ऱ्हायचो," ती म्हणाली. बोलणं त्याच्याशी होतं, नजर बदकांवर. "पदर पसरायचा, तो वरनं पुडी टाकायचा. आमच्या हातचं घ्यायचं तर सोडच." तिने पदर सारखा केला. "आन् हितं बग. कोण कुठली माणसं, नाव म्हाईत न्हाई, गाव म्हाईत न्हाई. माझ्या हातची साखर नेत्यात."

डब्याचा एक कोपरा उंदराने करवतल्यासारखा कातरला होता. दातांच्या खुणा ताज्या होत्या. जयवंतने डबा हळूच फिरवला आणि तो कोपरा आपल्या पोटाकडे केला.

"तो कोपरा फुटलाय बग," आई म्हणाली. "मजबूत डबा आण एखादा."

"आणतो."

"किती जनांनी घेतली असंल रे? तुझ्या कॉम्प्युटरवर कळतं का?"

"नाही," तो म्हणाला. "तेवढं नाही कळत."

तिने त्याच्या कपाळाला हात लावून ताप पाहिला. नव्हता.

दुपारी त्याने गाडीत बसून विवेकला फोन लावला. बराच वेळ वाजला.

"बोला."

"साखर तू ठेवली नव्हतीस."

"हे मी रविवारीच लिहिलं."

"मी ठेवत होतो."

पलीकडे गिऱ्हाईक असावं. विवेक कुणाला तरी इंग्रजीत एक मिनिट थांबायला म्हणाला. "तू? स्वतःच्या डब्यात?"

"हो."

"आणि मग स्वतःलाच चिठ्ठी लिहिलीस. हिंमत असेल तर समोर ये म्हणून."

जयवंतने सीटवरचा कॅमेरा उचलून मागे ठेवला.

"घरी कोण आलंय तुझ्या?" विवेकने विचारलं.

"आई."

"कधी?"

"फेब्रुवारीत."

"मला नाही कळवलंस."

"नाही."

"बरं," विवेक म्हणाला, आणि फोन बंद झाला.

त्या संध्याकाळी जयवंतने गटाला दुसरं पत्र लिहिलं. साखर माझ्याकडूनच जात होती, विवेकचा काही संबंध नाही, मी त्याची माफी मागतो. डबा मी स्वतःच यादीतून काढतो आहे. कारण दिलं नाही. त्याच्या बारा सूचना एप्रिलच्या मेळाव्यात चर्चेला यायच्या होत्या, त्याही त्याने मागे घेतल्या. दोघा-तिघांनी लिहिलं, नियम सांगणाराच असा निघावा याचं नवल वाटतं. त्याने ते वाचलं. विवेककडून काही आलं नाही. पहिल्या आठवड्यात नाही, दुसऱ्या आठवड्यातही नाही. शकु एकदा म्हणाली, आता तरी त्यांना जेवायला बोलवा. तो म्हणाला, कुठल्या तोंडाने बोलावू?

फ्लॅक्सच्या मुळाशी आता घट्ट झाकणाचा लोखंडी डबा होता. तिथे कुणी येत नव्हतं, कारण तो कुठल्या यादीत नव्हता. आईला हे माहीत नव्हतं. ती दहा वाजता पुडी ठेवून यायची. दुसऱ्या दिवशी कामावर जाताना जयवंत गाडी थांबवायचा, दव पडलेल्या गवतातून जाऊन पुडी काढायचा आणि कारखान्यात चहात साखर घालायचा. संध्याकाळी आई सांगायची, "आज बी नेली बग." तो म्हणायचा, "वा."

मग कंपनीने त्याला गुरुवार-शुक्रवार ख्राइस्टचर्चला पाठवलं, एक नवं मशिन बसवून द्यायला. नाही म्हणता आलं नाही. शकुची सकाळची ड्यूटी होती, तिला पहाटेच निघायला लागायचं. दोन दिवस तो तिथे नटबोल्ट आवळत होता आणि डोळ्यांसमोर एकच येत होतं. आई झाकण उघडते आणि आत कालची पुडी तशीच.

शुक्रवारी दिवस मावळायच्या आत तो घरी पोचला. आई ओट्यापाशी भाकरी थापत होती. त्याने तिचा चेहरा बघायचा प्रयत्न केला, पण पाठमोरीच होती ती.

"जेवलास का काही विमानात?"

"हो. तू गेली होतीस का ओढ्यावर?"

"गेलते की. काल एक माणूस भेटला."

"कुठे?"

"डब्यापाशी. आपल्या बोलण्यातला. हातात तुझ्यासारखंच पिवळं यंत्र, पन ते चालू नव्हतं काही. बाकावर नुसता बसून होता. काल त्या डब्यात आदल्या दिवशीची पुडी तशीच होती, मला जरा कसंसंच झालं. नवी ठेवायला वाकले, तर तो उठून आला. म्हणला, आजी, डब्यात कशाला? हातातच द्या."

जयवंतच्या खांद्यावर बॅग तशीच होती. "मग?"

"मग काय, दिली." तिने पिठाचा हात पुढे केला, तळवा वर, जरा खाली झुकवून. "असा धरला त्यानं हात. तिथंच पुडी सोडली आन् साखर तोंडात टाकली. कागद मातर फेकला न्हाई, घडी घालून खिशात ठेवला. आज बी आला होता, दुकानातनं निसटून आलो म्हणला. उद्या येऊ का, म्हणून विचारत होता. म्हणलं, ये बाबा, वाट काय माझ्या मालकीची हाय?"

तिने भाकरी तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला.

"तुझ्या वळखीचा हाय का रे?"

जयवंतने बॅग खाली ठेवली. खिशातून फोन काढला, हातात धरून तसाच उभा राहिला.

"विचारून बघतो," तो म्हणाला.